पाहुण्यांचे नाट्यगृह : ब्रिस्टलच्या थिएटर रॉयलची कहाणी

३० मे १७६६. इंग्लंडच्या पश्चिम किनाऱ्याजवळच्या ब्रिस्टल शहरात किंग स्ट्रीटवरचे नवे नाट्यगृह त्या संध्याकाळी उघडले. जाहिरातीत मात्र 'नाटक' हा शब्द कोठेही नव्हता. जाहीर झाले होते ते असे, की संगीताचा जलसा होईल आणि त्यासोबत वक्तृत्वाचा एक नमुना सादर केला जाईल. प्रत्यक्षात लोक आले ते रिचर्ड स्टील याचे 'द कॉन्शस लव्हर्स' हे चांगले पाच अंकी नाटक पाहायला. प्रवेशाचे पैसे संगीताचे, नाटक फुकट!

हा थ्रेड त्या नाट्यगृहाचा आहे आणि त्याहून अधिक तिथे येऊन गेलेल्या पाहुण्यांचा. इंग्लिश रंगभूमीचा इतिहास आपण बहुतेक वेळा लंडनपासून सुरू करतो आणि लंडनपाशीच संपवतो. प्रांतातली नाट्यगृहे म्हणजे राजधानीची फिकट नक्कल, असा एक समज त्यामागे असतो. ब्रिस्टलचा अडीचशे वर्षांचा हिशेब मांडला की तो समज टिकत नाही.

आधी त्या खोट्या जाहिरातीचा उलगडा करू.

१७३७ साली पंतप्रधान रॉबर्ट वॉलपोल याने पार्लमेंटकडून एक कायदा संमत करून घेतला. रंगमंचावरून होणारी आपली टवाळी त्याला सहन होईनाशी झाली होती. या कायद्याने दोन गोष्टी झाल्या. नव्या नाटकाची संहिता राजदरबारातल्या लॉर्ड चेंबरलेन या अधिकाऱ्याकडून आधी तपासून घेणे सक्तीचे झाले. आणि राजसनद किंवा परवाना नसलेल्या ठिकाणी पैसे घेऊन नाटक करणारा नट कायद्याच्या नजरेत भटक्या, उनाड ठरला. सनद होती लंडनमधल्या ड्रुरी लेन आणि कोव्हेंट गार्डन या दोन नाट्यगृहांकडे. म्हणजे उरलेल्या देशात धंदेवाईक नाटक जवळजवळ बेकायदा. मग पळवाट निघाली ती जलशाची. तिकीट संगीताचे घ्यायचे, मध्यंतरात नाटक 'विनामूल्य' पाहायचे. दंडाधिकाऱ्यांना सगळे ठाऊक असे आणि बरेचदा ते स्वतः बॉक्समध्ये बसलेले असत.

(जाता जाता : ब्रिटिशांनी आपल्याकडे १८७६ साली नाट्यप्रयोगांवर नियंत्रण आणणारा कायदा केला, तेव्हा नाटकाला बेड्या घालण्याचा त्यांचा घरचा अनुभव शंभर वर्षांहून जुना होता. संहितापूर्व तपासणी ब्रिटनमध्ये १९६८ साली संपली. महाराष्ट्रात रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळ आजही आहे.)

किंग स्ट्रीटच्या आधी ब्रिस्टलमध्ये नाटक होत नव्हते असे नाही. ते शहराच्या हद्दीबाहेर होत असे. १७२९ साली जॉन हिप्पिस्ली नावाच्या नटाने जेकब्ज वेल्स येथे एक छोटे नाट्यगृह उभारले. 'द बेगर्स ऑपेरा' या गाजलेल्या उपरोधिक संगीतिकेतला पीचम पहिल्यांदा रंगवला तो याच हिप्पिस्लीने. त्याचे नाट्यगृह इतके अडचणीचे होते, की शेजारच्या दारूगुत्त्यातून प्याले आत देण्यासाठी भिंतीलाच एक भोक ठेवले होते असे सांगतात. नाटक सुटल्यावर अंधाऱ्या रस्त्याने शहरात परतावे लागे, म्हणून प्रेक्षकांना चांदण्या रात्रीची सोय बघावी लागे. तरी लोक जात. उन्हाळ्यात तर फारच, कारण जवळच्या हॉटवेल्सच्या गरम पाण्याच्या झऱ्यांवर प्रकृती सुधारायला देशभरातून श्रीमंत मंडळी येत आणि संध्याकाळ कशी घालवावी हा त्यांच्यापुढचा मोठा प्रश्न असे.

शहराच्या आत, भर वस्तीत नाट्यगृह हवे असे १७६४ च्या सुमारास काही प्रतिष्ठितांनी ठरवले. सुमारे पन्नास जणांनी प्रत्येकी ५० पौंड घातले. मोबदल्यात प्रत्येकाला चांदीचे एक गोल तिकीट मिळाले. ते ज्याच्या हाती असेल त्याला या वास्तूत होणारा प्रत्येक खेळ पाहण्याचा हक्क, आणि तोही कायमचा. ही तिकिटे वारसाहक्काने आली-गेली, विकली गेली, आणि त्यांतली काही आजही अस्तित्वात आहेत.

हा पैसा कुठला, हे विचारल्याशिवाय पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. अठराव्या शतकात ब्रिस्टल हे आफ्रिकन गुलामांच्या व्यापारातले इंग्लंडमधले एक आघाडीचे बंदर होते. १७३० च्या दशकात तर त्याने लंडनलाही मागे टाकले. जहाजे येथून माल घेऊन पश्चिम आफ्रिकेला जात, तिथून माणसे भरून कॅरिबियन बेटांवर आणि अमेरिकेत, आणि साखर, तंबाखू, रम घेऊन परत येत. नाट्यगृहाच्या भागधारकांत या व्यापारात थेट गुंतलेले लोक होते, आणि जे थेट गुंतले नव्हते त्यांचीही भरभराट त्याच बंदरावर उभी होती. किंग स्ट्रीटवरून गोदी हाकेच्या अंतरावर. आज हे नाट्यगृह चालवणारी संस्था हा इतिहास उघडपणे सांगते.

त्या काळच्या विरोधकांचा आक्षेप मात्र वेगळाच होता. क्वेकर पंथीय आणि काही व्यापारी यांना भीती होती ती नाटकामुळे उमेदवार कारागीर आणि नोकरचाकर बिघडतील याची. वर्तमानपत्रांतून दोन्ही बाजूंनी पत्रे झडली. गुलामांच्या जहाजांचा मुद्दा त्या नीतिचर्चेच्या केंद्रस्थानी कधी नव्हता. शहराचा विवेक कोठे जागा होता आणि कोठे झोपला होता, हे या एका वादात दिसते.

वास्तूचा आराखडा ड्रुरी लेनवरून बेतलेला होता. तिथल्या सुताराकडून रेखाटने मागवली गेली, आणि बांधकामावर देखरेख ठेवली स्थानिक वास्तुकार टॉमस पेटी याने. पण खरी गंमत जागेची. नाट्यगृह रस्त्याला लागून नव्हतेच. ते किंग स्ट्रीटवरच्या घरांच्या मागे, परसात दडलेले होते, आणि आत जायचे ते एका घरातल्या बोळातून. बेकायदा धंद्याला असे दर्शनी भागाविना राहणे सोयीचेच म्हणायचे. उद्घाटनासाठी प्रास्ताविक आणि समारोपाचे पद्य लिहून दिले साक्षात डेव्हिड गॅरिकने. तो त्या काळातला इंग्लंडचा सर्वांत मोठा नट आणि ड्रुरी लेनचा सूत्रधार. वास्तू पाहून आपल्या आकारमानात युरोपभर हिच्या तोडीची दुसरी नाही, असे तो म्हणाल्याची आठवण ब्रिस्टलकर अजून सांगतात.

छपराखाली एक लाकडी पन्हळ होती, आणि ती आजही आहे. तिच्यातून लोखंडी तोफगोळे गडगडत सोडले की संपूर्ण प्रेक्षागृहावर मेघगर्जना होई. 'किंग लिअर'मधल्या वादळाची कल्पना करून पाहा.

आता पाहुण्यांकडे वळू.

लंडनची मोठी नाट्यगृहे उन्हाळ्यात बंद असत. त्या काळात तिथल्या नटांना काम हवे असे आणि ब्रिस्टलला नट. म्हणून सुरुवातीची काही वर्षे किंग स्ट्रीटचा हंगाम उन्हाळ्याचा होता. या पहिल्या पाहुण्यांचा नायक विल्यम पॉवेल. गॅरिक युरोपच्या प्रवासाला गेला असताना ड्रुरी लेनवर त्याच्या जागी उभा राहून हा तरुण एका रात्रीत प्रसिद्ध झाला होता. ब्रिस्टलच्या चालकांपैकी तो एक होता आणि शहराने त्याला डोक्यावर घेतले. १७६९ च्या जुलैमध्ये ब्रिस्टलमध्येच आजारपणाने तो गेला, तेव्हा त्याचे वय पस्तिशीच्या आत होते. त्याचे दफन झाले ब्रिस्टलच्या कॅथेड्रलमध्ये. कायद्याच्या पुस्तकात ज्याचा व्यवसाय उनाडपणाच्या पंक्तीला बसवला होता, त्याला शहराने आपल्या सर्वांत मानाच्या देवळात जागा दिली. कायदा आणि लोकमत यांच्यातले अंतर याहून स्पष्ट कशाने दिसणार?

हे अंतर १७७८ साली मिटले. शेजारच्या बाथ शहराला दहा वर्षे आधीच राजसनद मिळाली होती. आता ब्रिस्टललाही मिळाली आणि परसातले नाट्यगृह 'थिएटर रॉयल' झाले. पुढच्याच वर्षी त्याचा भाडेपट्टा बाथच्या जॉन पामर याच्याकडे गेला, आणि एकच नाटक मंडळी दोन शहरांत खेळू लागली.

त्या मंडळीत एक तेवीस-चोवीस वर्षांची नटी होती : सारा सिडन्स.

सारा फिरत्या नाटकवाल्यांच्या घरातली. तिचा जन्म १७५५ साली वेल्समधल्या ब्रेकन गावी, एका खाणावळीत झाला, कारण वडील रॉजर केंबल यांची मंडळी तेव्हा तिथे मुक्कामाला होती. विसाव्या वर्षी गॅरिकने तिला ड्रुरी लेनला बोलावले. डिसेंबर १७७५ मध्ये 'मर्चंट ऑफ व्हेनिस'मधली पोर्शिया करताना ती इतकी घाबरली होती, की आवाज पोहोचेना. हंगाम संपला आणि तिला पुन्हा बोलावणे आले नाही. ती प्रांतात परतली आणि १७७८ च्या शरदात बाथला रुजू झाली. पगार आठवड्याला तीन पौंड.

त्या तीन पौंडांत काय काय करावे लागे, ते तिने पुढे आपल्या आठवणींत सांगितले आहे. दिवसा बाथमध्ये तालीम, मग सुमारे वीस किलोमीटरचा प्रवास करून ब्रिस्टल, तिथे रात्रीचा प्रयोग, पुन्हा तेवढाच रस्ता तुडवून मध्यरात्री बाथ, आणि दुसऱ्या दिवशीच्या लांबलचक भूमिकेचे पाठांतर. पदरी लहान मुले. मुलांना झोपवून झाल्यावरच संहिता हाती घेता येई. मराठी नाटकवाल्यांच्या दौऱ्यांच्या गोष्टी ज्यांनी ऐकल्या आहेत, त्यांना हे चित्र अनोळखी वाटणार नाही.

पण या चार वर्षांत तिने जे मिळवले ते लंडनने तिला दिले नसते. राजधानीत नवख्या नटीला ठरावीक साच्याच्या भूमिका मिळत आणि त्यांत चुकण्याची मुभा नसे. प्रांतात आठवड्याला तीन-चार वेगवेगळ्या भूमिका, शोकान्तिका आणि विनोदी दोन्ही. १७८१ साली ब्रिस्टलच्या रंगमंचावर तिने हॅम्लेट रंगवला. होय, राजकुमार हॅम्लेट, स्त्रीने. लंडनच्या प्रेक्षकांपुढे ही भूमिका तिने कधीच केली नाही. अशा प्रयोगांची जागा प्रांतातच होती.

१७८२ च्या मे महिन्यात बाथचा निरोप घेताना तिने प्रेक्षकांना सांगितले, की मी तुम्हाला सोडून जाते आहे त्याला तीन कारणे आहेत, ती आता समोर आणते. आणि आपल्या तीन मुलांना हाताला धरून तिने रंगमंचावर आणले. १० ऑक्टोबर १७८२ रोजी ती पुन्हा ड्रुरी लेनवर उभी राहिली, ती 'इझाबेला'च्या शोकात्म भूमिकेत. सात वर्षांपूर्वी जिला परत बोलावले नव्हते, ती पुढची तीस वर्षे इंग्लिश रंगभूमीची सम्राज्ञी होती. लंडनने तिला मुकुट घातला हे खरे. घडवले मात्र बाथ आणि ब्रिस्टल यांमधल्या त्या खडबडीत रस्त्याने.

त्याच रस्त्याची आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. दोन्ही नाट्यगृहांचा मालक पामर आपले नट आणि सामान स्वतःच्या गाडीने वेळेवर ने-आण करत असे. सरकारी टपाल मात्र घोडेस्वार पोरांच्या हातून रेंगाळत जाई आणि वाटेत लुटलेही जाई. नट जर वेळेवर पोहोचतात तर पत्रे का नाहीत, असा त्याचा साधा प्रश्न होता. टपालखात्याने तो उडवून लावला, पण पंतप्रधान विल्यम पिट याला पटला. २ ऑगस्ट १७८४ रोजी पामरची पहिली टपालगाडी ब्रिस्टलहून निघाली आणि सुमारे सोळा तासांत लंडनला पोहोचली. जुन्या पद्धतीला याच्या दुपटीहून अधिक वेळ लागे. काही वर्षांत देशभर टपालगाड्या धावू लागल्या. दळणवळणाच्या इतिहासात या घटनेला मोठे पान मिळते. तिचे मूळ नाटकवाल्यांच्या धावपळीत आहे, हे तिथे एखाद्या ओळीत उरकले जाते.

पाहुणा मोठा झाला की यजमानाचे काय होते? एकोणिसाव्या शतकातली ब्रिस्टलची कथा ही आहे.

प्रांतिक नाट्यगृहाचा कणा म्हणजे तिथली कायम मंडळी. राजा, खलनायक, विदूषक, म्हातारी : प्रत्येकाचा नट ठरलेला. पगार तुटपुंजा. वर्षातून एक रात्र नटाच्या नावाने लागे, त्या रात्रीचा गल्ला खर्च वजा जाता त्याचा. आता लंडनचे तारे काही रात्रींपुरते येऊ लागले आणि गल्ल्याचा मोठा वाटा, कधी निम्मादेखील, घेऊन जाऊ लागले. तारा येई त्या रात्री घर भरे. तो गेला की प्रेक्षक म्हणत, आता पाहायचे काय? स्थानिक नट रोजच्या रात्री रिकाम्या बाकांपुढे खेळत.

हा राग केवळ नाटकवाल्यांचा नव्हता. ऑक्टोबर १८३१ मध्ये मताधिकाराच्या सुधारणेवरून ब्रिस्टलमध्ये भीषण दंगल झाली. नाट्यगृहाला लागून असलेल्या क्वीन स्क्वेअरमधली घरे जळाली, नाट्यगृह वाचले. त्याच डिसेंबरात प्रसिद्ध व्हायोलिनवादक पागानिनी याच्या कार्यक्रमाची घोषणा झाली, तेव्हा शहरात एक संतप्त पत्रक लागले. गोरगरीब हालात असताना हा परका फिडलवाला आपले खिसे रिकामे करायला येतो आहे, असा त्याचा सूर होता.

या ओढाताणीत थिएटर रॉयल जिवंत ठेवण्याचे श्रेय मी एका स्त्रीला देईन. सारा मक्रीडी. तिचे पती विल्यम मक्रीडी यांनी १८१९ पासून मृत्यूपर्यंत, म्हणजे १८२९ पर्यंत, हे नाट्यगृह चालवले. स्वतः नटी असलेल्या साराने १८३४ साली भाडेपट्टा आपल्या नावे घेतला आणि १८५३ मध्ये मरेपर्यंत सोडला नाही. त्या काळात नाट्यगृहाची सूत्रे बाईच्या हाती असणे अगदीच अपूर्व नव्हते, पण सलग एकोणीस वर्षे ती टिकवणे विरळाच. तिचा सावत्र मुलगा विल्यम चार्ल्स मक्रीडी हा गॅरिक आणि कीन यांच्यानंतरचा इंग्लंडचा अग्रगण्य शोकनट. तो पाहुणा म्हणून येत असे. पाहुण्यांनी पोखरलेल्या धंद्यात घरातलाच तारा हाताशी असणे ही तिची मोठी जमेची बाजू.

पाहुणेपणाची दुसरी बाजूही आहे, आणि ती पाहण्यासाठी क्षणभर ब्रिस्टलबाहेर जावे लागेल. आयरा ऑल्ड्रिज हा न्यूयॉर्कमध्ये १८०७ साली जन्मलेला कृष्णवर्णीय नट सतराव्या वर्षी इंग्लंडला आला. १८२५ साली त्याने लंडनच्या कोबर्ग थिएटरात कामे केली. १८२८ मध्ये तो कव्हेंट्रीच्या नाट्यगृहाचा व्यवस्थापक झाला. १८३३ च्या मार्चमध्ये एडमंड कीन ऑथेल्लो करताना कोव्हेंट गार्डनच्या रंगमंचावर कोसळला, आणि एप्रिलमध्ये त्याच भूमिकेत ऑल्ड्रिज उभा राहिला. लंडनच्या वृत्तपत्रांनी त्याच्या वर्णावरून असे काही झोडपले, की दोनच प्रयोग होऊ शकले. गुलामगिरी रद्द करण्याचे विधेयक त्याच वर्षी पार्लमेंटपुढे होते, हे ध्यानात घ्यावे. त्यानंतर जवळजवळ वीस वर्षे ऑल्ड्रिज ब्रिटन आणि आयर्लंडमधली प्रांतिक नाट्यगृहे फिरत राहिला. राजधानीने दार लावले तेव्हा लहान गावांच्या फिरस्तीने त्याला नट म्हणून जिवंत ठेवले. कोबर्ग थिएटर लक्षात ठेवा, ते पुन्हा येणार आहे.

१८४१ साली लंडन-ब्रिस्टल रेल्वे पूर्ण झाली. आता एकटा तारा नव्हे, अख्खी मंडळी पडदे-पोशाखांसह गाडीत बसून येऊ शकत होती. स्थानिक मंडळीची गरजच उरली नाही. शेवटची चमक साराच्या जावयाच्या, जेम्स हेन्री च्यूटच्या, कारकिर्दीत दिसली. १८६० च्या दशकाच्या आरंभी त्याच्या मंडळीत केट आणि एलन टेरी या बहिणी होत्या. एलन तेव्हा जेमतेम पंधराची. पुढे ती हेन्री अर्व्हिंगसोबत लंडन गाजवणार होती. १८६७ मध्ये च्यूटनेच पार्क रो येथे मोठे, आधुनिक नाट्यगृह उघडले. ते पुढे 'प्रिन्सेस थिएटर' म्हणून ओळखले गेले. बडे पाहुणे तिकडे वळले. किंग स्ट्रीटच्या वाट्याला भडक मेलोड्रामा, नाताळचे पँटोमाइम आणि हळूहळू मोडकळ.

दुसऱ्या महायुद्धाने हा क्रम उलटा केला. नोव्हेंबर १९४० च्या हवाई हल्ल्यात प्रिन्सेस थिएटर जळून गेले. जुने थिएटर रॉयल उभे राहिले, पण १९४२ मध्ये ते विक्रीला निघाले आणि तिथे गोदाम होण्याची वेळ आली. शहर बाँबखाली असताना, धान्य-कपडा रेशनवर असताना, नागरिकांनी निधी जमवून ते वाचवले. युद्धकाळात कलांना आधार देण्यासाठी सरकारने नेमलेल्या परिषदेने ते चालवायला घेतले. सरकारी पाठबळावर चालणारे ब्रिटनमधले हे पहिले नाट्यगृह मानले जाते. ज्या राज्यसत्तेच्या कायद्यामुळे १७६६ मध्ये जाहिरातीत खोटे लिहावे लागले होते, तीच आता भाडे भरत होती! ११ मे १९४३ रोजी पडदा पुन्हा वर गेला. नाटक होते गोल्डस्मिथचे 'शी स्टूप्स टू कॉन्कर', ज्यात पाहुणे यजमानाच्या घरालाच खाणावळ समजून बसतात.

१९४६ साली येथे पुन्हा कायम मंडळी स्थापन झाली, ती लंडनच्या ओल्ड विकची शाखा म्हणून. नाव 'ब्रिस्टल ओल्ड विक'. आणि ओल्ड विक म्हणजेच ते जुने कोबर्ग थिएटर, जिथे १८२५ साली तरुण ऑल्ड्रिज उभा होता. १९५८ मध्ये ब्रिस्टलच्या या मंडळीत पीटर ओ'टूलने हॅम्लेट केला. त्याचे नाव तोवर फारसे कोणाला माहीत नव्हते.

दर्शनी भागाची अडचण मात्र राहिलीच होती. १९७० च्या दशकात शेजारचा जुना कूपर्स हॉल जोडून घेतला गेला, तेव्हा प्रथमच रस्त्यावर दिसेल असे प्रवेशद्वार मिळाले. पुढे २०१८ मध्ये नवे काचेचे दालन बांधले गेले. त्यातून १७६६ च्या प्रेक्षागृहाची मूळ बाहेरची भिंत किंग स्ट्रीटवरून चालणाऱ्या कोणालाही दिसते.